वृक्षपर्णांतील जंतुरोधी द्रव्ये : वर्धा जिल्ह्यातील परंपरा व परीक्षण

अनेक वृक्षांच्या पानांत सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणारी किंवा त्यांचा नाश करणारी रासायनिक द्रव्ये असतात. पानांचा स्वरस, काढा किंवा अर्क यांच्या रूपाने या द्रव्यांचा वापर भारतात फार प्राचीन काळापासून होत आला आहे. मात्र त्यांचे प्रयोगशाळेतील परीक्षण गेल्या सुमारे शंभर वर्षांतच झाले. परंपरेने वापरलेले पान आणि प्रयोगशाळेत कसोटीला लागलेले पान यांतील अंतर कसे मोजले गेले, हे समजण्यास महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याचा इतिहास उपयुक्त ठरतो. या जिल्ह्यात एकीकडे निसर्गोपचार व ग्रामोद्योग यांचे मोठे प्रयोग झाले, तर दुसरीकडे कुष्ठरोग व हत्तीरोग या चिवट रोगांचे शास्त्रीय संशोधन झाले. त्यामुळे दोन्ही विचारधारांची गाठ येथे प्रत्यक्ष रुग्णाच्या संदर्भात पडली.

वनस्पती व प्रदेश : वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सु. ६,३०९ चौ. किमी. असून वर्धा, बोर, धाम, यशोदा व वेणा या त्यातील प्रमुख नद्या होत. जमीन बहुतांशी काळी व हवामान उष्ण व कोरडे आहे. आर्वी, आष्टी, कारंजा व सेलू या तालुक्यांच्या डोंगराळ भागांत शुष्क पानझडी वने आढळतात. त्यांत साग, ऐन, पळस, मोह, बेल इ. वृक्ष असून बोर अभयारण्याचा प्रदेश याच पट्ट्यात येतो. गावांच्या परिसरात, रस्त्यांच्या कडेने व शेताच्या बांधावर कडुनिंब, करंज, जांभूळ, शेवगा व चिंच हे वृक्ष सर्वत्र दिसतात. ओढ्यांच्या काठी निर्गुडीची झुडपे किंवा लहान झाडे वाढतात. औषधी पानांपैकी ग्रामीण भागात सर्वाधिक वापर कडुनिंबाच्या पाल्याचा होतो.

कडुनिंबाची पाने उन्हाळ्याच्या आरंभी गळतात आणि लगेच कोवळी तांबूस पालवी व मोहोर येतो. गुढीपाडव्याला पाला व फुले खाण्याची प्रथा याच सुमारास येते. गोवर-कांजिण्यांच्या रुग्णाच्या अंथरुणाशी पाल्याचे डहाळे ठेवणे, खरूज-नायटा झालेल्यास पाला उकळलेल्या पाण्याने स्नान घालणे, कणगीतील धान्यात वाळलेला पाला मिसळणे व गोठ्यात पाल्याचा धूर करणे या प्रथा विदर्भात सर्वपरिचित आहेत. या सर्व उपयोगांमागे एकच कारण नाही. धान्यातील पाला किडींना दूर ठेवतो, स्नानाच्या पाण्यातील पाला त्वचेवर कार्य करतो, तर डहाळ्यांमागे बरीचशी श्रद्धा आहे. गोवर व कांजिण्या हे विषाणुजन्य रोग असून पाला जवळ ठेवल्याने ते बरे होत नाहीत. लोकाचारात एकत्र नांदणाऱ्या या गोष्टी वेगळ्या करणे हेच परीक्षणाचे पहिले काम होते.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख : *चरकसंहिते*च्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांचे पन्नास गट सांगितले आहेत. त्यांपैकी कंडूघ्न म्हणजे खाज नाहीशी करणाऱ्या गटात निंब व करंज (नक्तमाल) यांचा, तर कृमिघ्न गटात निर्गुडीचा समावेश आहे. *सुश्रुतसंहिते*त जखमी रुग्णाच्या खोलीत मोहरी, निंबाची पाने, तूप व मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, याप्रमाणे दहा दिवस द्यावी, असे सांगितले आहे. जखमेत अदृश्य बाधा शिरते व रुग्णाच्या भोवतालची हवा शुद्ध राखल्याने ती टळते, ही कल्पना त्यामागे दिसते. या बाधेचे स्वरूप मात्र सूक्ष्मजंतुविज्ञानापूर्वी कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून संहितांतील ‘कृमी’ या शब्दाचा अर्थ सरसकट ‘सूक्ष्मजंतू’ असा करणे योग्य नाही. त्यात डोळ्यांना दिसणारे जंत, उवा व कल्पित जीव या सर्वांचा अंतर्भाव होत असे.

कुष्ठरोगासाठी सुश्रुताने तुवरक या वृक्षाच्या बियांच्या तेलाची शिफारस केली आहे. तुवरक म्हणजे मराठीतील कडू कवठ होय. या तेलाचा इतिहास पुढे वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांच्या कार्यामुळे रोगांचे जंतुजन्य कारण सिद्ध झाले. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये, तर क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये दाखविला. याच काळात भारतीय औषधी वनस्पतींची पद्धतशीर नोंद सुरू झाली. मुंबईचे विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह *फार्माकोग्राफिया इंडिका* हा ग्रंथ १८८९–९३ या काळात प्रसिद्ध केला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व बी. डी. बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथाची पहिली आवृत्ती १९१८ मध्ये निघाली. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा *आर्यभिषक्* व डॉ. वामन गणेश देसाई यांचा *ओषधिसंग्रह* हे ग्रंथ घरोघरी पोहोचले.

वनस्पतींतील संयुगे शुद्ध स्वरूपात वेगळी करण्याचे काम विसाव्या शतकात वेगाने झाले. पुण्यातील रसायनशास्त्रज्ञ द. बा. लिमये यांनी १९२५ च्या सुमारास करंजाच्या बियांच्या तेलातून करंजीन हे स्फटिकी संयुग मिळविले. सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये कडुनिंबाच्या तेलातून निंबीन, निंबिनीन व निंबिडीन ही कडू द्रव्ये वेगळी केली. कडुनिंबातील द्रव्यांच्या आधुनिक रसायनशास्त्राचा पाया या कामाने घातला गेला.

मगनवाडी व सेवाग्राम : अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील मगनवाडीत त्याचे केंद्र सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे संघटक होते. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये *हरिजन* साप्ताहिकातून हिरव्या पानांच्या आहारमूल्याविषयी लिहिले आणि मगनवाडीच्या स्वयंपाकघरात कडुनिंबाच्या पाल्याची चटणी, चिंच व पालेभाज्या यांचे प्रयोग केले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगाव येथे राहावयास गेले. या गावास १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. आश्रमातील भोजनातही कडुनिंबाचा पाला असे. जयकृष्ण भणसाळी हे तर काही काळ कच्चे पीठ व कडुनिंबाचा पाला यांवरच राहत.

गांधींचा कल निसर्गोपचाराकडे असला, तरी पारंपरिक उपचारांची चिकित्सा नको, असे त्यांचे मत नव्हते. दिल्ली येथील तिब्बिया महाविद्यालयाचे उद्‌घाटन करताना फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी पाश्चात्त्य वैद्यकातील संशोधनवृत्तीची प्रशंसा केली आणि वैद्य व हकीम यांच्यात ती वृत्ती आढळत नाही, अशी खंत व्यक्त केली होती. शेगावात प्रत्यक्ष परिस्थितीही कठीण होती. हिवताप, विषमज्वर व त्वचारोग गावात नित्याचे होते. स्वतः गांधी १९३६ मध्ये हिवतापाने आजारी पडले व त्यांना वर्ध्याच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे डॉ. सुशीला नय्यर यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालय सुरू केले. त्याच ठिकाणी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली.

कुष्ठरोग : परंपरेची कसोटी : वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे केंद्र सुरू केले. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग जडल्यावर सेवाग्राम आश्रमात आले, तेव्हा गांधी स्वतः त्यांची शुश्रूषा व मालिश करीत. परचुरेशास्त्रींचा मृत्यू १९४५ मध्ये दत्तपूर येथे झाला. त्या काळी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) दिली जात. फ्रेडरिक पॉवर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या वर्गातील तेलांतून चौलमुग्रिक व हिड्नोकार्पिक ही अम्ले वेगळी केली होती. त्यांचा काही परिणाम होत असे. परंतु अंतःक्षेपणे वेदनादायक असत आणि सुधारणा अनिश्चित व अपुरी ठरे. कडुनिंबाच्या पाल्याचे स्नान व लेप यांनी व्रण स्वच्छ राहण्यास मदत होई, पण मूळ रोग हटत नसे.

सल्फोन वर्गातील औषधांचा उपयोग १९४१ पासून अमेरिकेत सुरू झाला आणि १९४५ नंतर डॅप्सोन हे स्वस्त औषध भारतात वापरात आले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाले. डॉ. र. वि. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने सर्वेक्षण, लोकशिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर कुष्ठरोग नियंत्रणाची पद्धत बसविली. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये केली. तो ज्या जिल्ह्यांत प्रथम राबविण्यात आला, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता.

या इतिहासात एक शास्त्रीय अडचण लक्षणीय आहे. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम पोषक माध्यमावर अद्यापही वाढविता आलेला नाही. शेपर्ड यांनी १९६० मध्ये उंदराच्या तळपायात त्याची मर्यादित वाढ करून दाखविली, तोपर्यंत एखादे द्रव्य या जंतूवर कितपत प्रभावी आहे हे रुग्णाबाहेर तपासण्याचा समाधानकारक मार्ग नव्हता. म्हणजे ज्या रोगासाठी पानांचा व तेलांचा सर्वाधिक वापर झाला, त्याच रोगाच्या बाबतीत त्यांची साधी प्रयोगशालेय कसोटी शक्य नव्हती. अनुभवाच्या आधारे होणारे दावे शतकानुशतके टिकून राहिले, याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

परीक्षणाच्या पद्धती : इतर बहुतेक जंतू आगराच्या थरावर सहज वाढतात. ऑक्सफर्ड येथे पेनिसिलिनाच्या संशोधनात नॉर्मन हीटली यांनी लहान नळकांडी आगरावर ठेवून त्यांत विद्राव भरण्याची पद्धत वापरली. औषध आगरात पसरते व नळकांड्याभोवती जंतूंची वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास प्रभावाचे माप समजला जातो. कागदी चकत्या वापरून हीच कसोटी करण्याची प्रमाणित रीत बावर, कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. ऑक्सफर्ड येथेच ई. एम. ऑझ्बर्न यांनी १९४३ मध्ये सु. २,३०० जातींच्या हिरव्या वनस्पतींच्या रसांचे जंतुरोधी गुण तपासून पाहिले. भारतात जॉर्ज, वेंकटरमण व पंडालै यांनी १९४७ मध्ये औषधी वनस्पतींतील प्रतिजैव द्रव्यांचा शोध प्रसिद्ध केला. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने १९६८ पासून भारतीय वनस्पतींच्या जैव क्रियाशीलतेची विस्तृत लेखमाला काढली.

पानांतील द्रव्ये मिळविण्यासाठी पाने सावलीत वाळवून त्यांची भुकटी करतात व ती निरनिराळ्या विद्रावकांत क्रमाने भिजवितात किंवा सॉक्स्लेट उपकरणात तिचे निष्कर्षण करतात. पेट्रोलियम ईथरात मेद व मेणे, क्लोरोफॉर्मात टर्पिनॉइडे व अनेक अल्कलॉइडे, अल्कोहॉलात फ्लॅव्होनॉइडे व टॅनिने, तर पाण्यात शर्करा, सॅपोनिने व काही टॅनिने उतरतात. अनेक पानांचा अल्कोहॉली अर्क जलीय अर्कापेक्षा अधिक प्रभावी ठरतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. घरगुती काढा हा जलीय अर्कच असल्यामुळे प्रयोगशाळेतील अल्कोहॉली अर्काचा निष्कर्ष काढ्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

रासायनिक संघटन : पानांतील जंतुरोधी द्रव्ये पुढील प्रमुख वर्गांत मोडतात : (१) टॅनिने : ही प्रथिनांशी संयोग पावून जंतूंची एंझाइमे निष्क्रिय करतात, जांभूळ व पेरू यांच्या पानांचा तुरटपणा त्यांच्यामुळे असतो. (२) फ्लॅव्होनॉइडे : यांत क्वेर्सेटीन व त्याची ग्लायकोसाइडे येतात. (३) टर्पिनॉइडे व बाष्पनशील तेले : ही जंतूंच्या कोशिकापटलाची (पेशीच्या आवरणाची) रचना बिघडवितात. (४) अल्कलॉइडे, (५) कुमारिने आणि (६) गंधकयुक्त संयुगे.

कडुनिंबाच्या पानांत निंबीन, निंबोलाइड, क्वेर्सेटीन, बीटा-सिटोस्टेरॉल इ. संयुगे आढळतात. कडुनिंबाचे सर्वांत प्रसिद्ध संयुग ॲझॅडिरॅक्टिन हे प्रामुख्याने बियांत असते व ते मुख्यतः कीटकरोधक आहे. ते १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याची संरचना १९८५ मध्ये निश्चित झाली. पानांच्या जंतुरोधी गुणांचे श्रेय त्याला देणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. बेलाच्या पानांत एजेलीन व स्किमियानीन ही नत्रयुक्त संयुगे, कुमारिने व लिमोनीनयुक्त बाष्पनशील तेल असते. निर्गुडीच्या पानांत कॅस्टिसीन हे फ्लॅव्होनॉइड तसेच ॲग्नुसाइड व निगुंडोसाइड ही ग्लायकोसाइडे असतात.

शेवग्याच्या पाल्याचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. अखंड पानात गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट व त्यावर क्रिया करणारे मायरोसिनेज हे एंझाइम वेगवेगळे असतात. पान कुटताच दोन्ही एकत्र येतात व तिखट, जंतुरोधी आयसोथायोसायनेट तयार होते. पान न कुटता उकळल्यास उष्णतेने एंझाइम आधीच नष्ट होते व ही क्रिया होत नाही. ताजा पाला ठेचून लावावा की त्याचा काढा करावा, हा आजीबाईच्या बटव्यातील भेद अशा वेळी रासायनिक दृष्ट्याही खरा ठरतो.

पर्णार्कांचा प्रभाव सर्व जंतूंवर सारखा नसतो. पुवाळलेल्या जखमांत आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस यासारख्या ग्रॅम-व्यक्त जंतूंवर तो बहुधा अधिक दिसतो. आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय यासारख्या ग्रॅम-अव्यक्त जंतूंना आणखी एक बाह्य पटल असल्यामुळे ही द्रव्ये आत शिरण्यास अडथळा होतो. पाल्याच्या पाण्याने फोड बरे होतात, पण त्याच पाल्याने हगवण हटेलच असे नाही, या अनुभवाचा उलगडा काही अंशी यातून होतो.

जिल्ह्यातील अलीकडील संशोधन : वर्धा जिल्हा हत्तीरोगप्रवण आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व नागपूर येथील संशोधक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निर्गुडीची मुळे, बेलाची पाने व एरंडाची पाने यांचे मिथेनॉलातील अर्क हत्तीरोगाच्या ब्रुगिया मलायी या कृमीच्या सूक्ष्म डिंभांवर तपासले. निर्गुडीच्या मुळांचा व बेलाच्या पानांचा अर्क १ मिलि. मध्ये १०० नॅनोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणात असताना ४८ तासांनंतर डिंभांची हालचाल पूर्णपणे थांबली. बेलाच्या पानांत कुमारीन, तर निर्गुडीच्या मुळांत अल्कलॉइडे, सॅपोनीन व फ्लॅव्होनॉइडे असल्याचे आढळले. हा परिणाम जंतूंवरील नसून कृमींवरील आहे. तथापि ज्या रोगाचा त्रास जिल्ह्यातील लोकांना होतो, त्याच रोगावर परिसरातील परिचित वनस्पतींची कसोटी घेतली गेली, हे त्याचे महत्त्व होय. मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत वनौषधींवर आधारलेल्या ग्रामोद्योगांचे काम चालते. त्यामुळे अर्कांचे प्रमाणीकरण हा स्थानिक उत्पादकांचाही प्रश्न बनला आहे.

मर्यादा व मूल्यमापन : आगरावरील स्वच्छ वर्तुळ म्हणजे रोगमुक्ती नव्हे. शुद्ध प्रतिजैव औषधे १ मिलि. मध्ये काही मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणात परिणाम करतात, तर अशुद्ध पर्णार्कांना बहुधा त्याच्या शेकडो पट प्रमाण लागते. एवढे प्रमाण रक्तात गाठणे शक्य नसते व सुरक्षितही नसते. टॅनिने कोणत्याही प्रथिनाशी संयोग पावत असल्यामुळे चाचणीत ती प्रभावी भासतात, पण आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत. उलट तेलकट द्रव्ये आगरात नीट पसरत नसल्याने ती प्रत्यक्षाहून दुर्बल भासतात. ऋतू, पानाचे वय, जमीन व वाळविण्याची रीत यांनुसार संघटन बदलते. केवळ विद्रावकाचा परिणाम वेगळा न तपासल्यास निष्कर्ष फसवा ठरतो.

यामुळे पर्णार्कांचे सर्वांत आश्वासक उपयोग त्वचा, तोंड व जखमा यांच्यासारख्या, द्रव्य थेट लावता येईल अशा ठिकाणी आढळले आहेत. मणिपाळ येथील सहा आठवड्यांच्या चिकित्सालयीन अभ्यासात (२००४) कडुनिंबाच्या पर्णार्काच्या जेलीमुळे दातांवरील कीटण व जंतूंची संख्या कमी झाल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियातील टी-ट्री वृक्षाच्या पानांच्या तेलाचे जंतुनाशक गुण पेनफोल्ड यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले. त्यातील टर्पिनीन-४-ऑल या घटकाचे किमान प्रमाण आता आंतरराष्ट्रीय मानकात निश्चित केलेले आहे. चीनमधील तू यूयू यांनी १९७२ मध्ये आर्टेमिसिया या वनस्पतीपासून हिवतापावरील औषध मिळविले आणि त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले. जुन्या ग्रंथात उकळण्याचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी कमी तापमानात ईथराने निष्कर्षण केले होते. परंपरेतील तपशील बारकाईने वाचणे व नंतर त्याची कठोर कसोटी घेणे या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

पान नैसर्गिक असले म्हणजे ते निरुपद्रवी असते, असे नाही. कडुनिंबाचे तेल पाजल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. विषमज्वर, क्षय किंवा कुष्ठरोग यांवर केवळ पाल्याच्या उपचाराने वेळ दवडणे धोक्याचे असते. दुसऱ्या बाजूस प्रतिजैव औषधांना दाद न देणारे जंतू वाढत असल्यामुळे नवीन द्रव्यांची निकड तीव्र झाली आहे. वनस्पतिज द्रव्ये जुन्या औषधांच्या जोडीने दिल्यास त्यांचा प्रभाव वाढतो काय, याचाही अभ्यास चालू आहे.

या ज्ञानाच्या मालकीचा प्रश्नही पुढे आला. कडुनिंबाच्या तेलापासून तयार केलेल्या कवकनाशकासाठी यूरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिलेले पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये तो निर्णय कायम झाला. भारतातील पूर्वापार वापराचा पुरावा त्यात निर्णायक ठरला. जैविक विविधता अधिनियमानुसार (२००२) गावपातळीवरील समित्यांनी वनस्पती व त्यांचे उपयोग यांच्या नोंदवह्या ठेवावयाच्या असतात. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात अशा नोंदींना दुहेरी मूल्य आहे : त्या गावाचा हक्क सिद्ध करतात आणि कोणते पान, कोणत्या ऋतूत, कशा रीतीने व कोणत्या विकारासाठी वापरले जाते, याची संशोधकास आवश्यक असलेली नेमकी माहिती पुरवितात. ही माहिती ज्यांच्याजवळ आहे ती पिढी वृद्ध होत असल्याने नोंदींचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.